कुलूप आहे, पण कशाचं? : कर्नलच्या कन्सोलमधल्या लॉकिंगचा आढावा

जलंबला मुख्य मार्गावरची गाडी सोडायची आणि खामगावच्या गाडीत बसायचं. पुढे जेमतेम तेरा किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराला लवकर लागावा म्हणून १८७० साली हा फाटा टाकला गेला, आणि त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. रूळ एकेरी. खामगाव स्टेशन संपलं की रूळही संपले. अशा बंद टोकाच्या आखूड फाट्यांसाठी रेल्वेच्या नियमपुस्तकात एक साधी पद्धत आहे. तिचं नावच 'वन ट्रेन ओन्ली'. आत एक गाडी गेली की ती बाहेर येईपर्यंत दुसरी सोडायची नाही. टक्कर व्हायला दोन गाड्या लागतात, आणि इथे दुसरी नाहीच.

खामगाव–जालना मार्गाची मागणी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. तो मार्ग उद्या झालाच, तर बंद टोक उघडेल, दोन्ही बाजूंनी गाड्या येतील, आणि 'गाडी एकच' या गृहीतावर बेतलेली प्रत्येक सवय पुन्हा तपासावी लागेल. रूळ तेच राहतील, स्टेशन तेच राहील. खोटं ठरेल ते फक्त गृहीत.

संगणकाच्या कर्नलमधल्या, म्हणजे यंत्राचं सगळं कामकाज चालवणाऱ्या गाभ्यातल्या, कन्सोल कोडचं गेल्या तीसेक वर्षांत नेमकं हेच झालं. लिनस टोरवाल्ड्‌सने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं ते एका प्रोसेसरच्या ३८६ यंत्रावर. कन्सोल, म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटवणारा आणि कळफलकावरची अक्षरं आत घेणारा भाग, अगदी सुरुवातीला लिहिल्या गेलेल्या भागांपैकी. फाट्यावर गाडी एकच होती. १९९६ साली लिनक्स २.० आलं आणि त्यात एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय झाली. टोक उघडलं. त्या उघड्या टोकाचा निस्तार अजून चालू आहे.

कन्सोल आपल्या रोजच्या नजरेस क्वचितच पडते. एखाद्या स्टेशनावरच्या वेळापत्रकाच्या पडद्यावर गाड्यांच्या नावांऐवजी काळ्यावर पांढऱ्या ओळींची रांग दिसते ना, ती कन्सोल. यंत्र नीट चालत असताना तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि यंत्र कोसळलं की तिच्याशिवाय बघायला काही नसतं. हा विरोधाभास लक्षात ठेवावा. पुढची सगळी भांडणं त्यातून निघतात.

आधी 'डेटा रेस' म्हणजे काय ते पाहू. जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर दोन मुनीम बसले आहेत आणि दोघांमध्ये खातेवही एक. वहीत लिहिलंय ४० गाठी. पहिल्याने ४० वाचलं, मनात एक मिळवला. तेवढ्यात दुसऱ्यानेही ४० वाचलं, त्यानेही एक मिळवला. पहिल्याने ४१ लिहिलं, दुसऱ्यानेही ४१ लिहिलं. गाठी आल्या दोन, वाढली एक. कुणी चोरी केली नाही, कुणाचं गणित चुकलं नाही. वहीत खाडाखोडही नाही, म्हणून संध्याकाळी कितीही उलटतपासणी करा, चूक सापडायची नाही. आणि उद्या तेच दोघे दिवसभर बसले तरी ती पुन्हा घडेलच असं नाही.

काटेकोर व्याख्या अशी : मेमरीतल्या एकाच जागेला दोघे एकाच वेळी हात लावतात, त्यातला निदान एक लिहीत असतो, आणि दोघांमध्ये क्रम ठरवणारं काहीही नसतं. 'एकाच वेळी' हा शब्द इथे फसवा आहे. सी भाषेचा कंपायलर असं धरून चालतो की, हा तुकडा चालू असताना या चलाला दुसरं कुणी हात लावत नाही. त्या भरवशावर तो एकदा वाचलेली किंमत दोनदा वापरतो, किंवा एकदा वाचायची ती दोनदा वाचतो, किंवा एक लेखन दोन तुकड्यांत करतो. म्हणून 'ही रेस निरुपद्रवी आहे, जाऊ द्या' हा युक्तिवाद जुन्या प्रोग्रामरांच्या तोंडी कितीही सहज येत असला तरी टिकत नाही. हान्स बोम यांनी २०११ साली एका निबंधात अशा 'निरुपद्रवी' रेसचा कंपायलर कसा विचका करू शकतो ते उदाहरणांनिशी दाखवलं. तरीही कोड तपासताना हे वाक्य आजही ऐकू येतं. मी स्वतः ते म्हटलेलं आहे.

यावरचा इलाज म्हणजे लॉक. इथे रेल्वेकडे पुन्हा वळायला हवं, कारण संगणकशास्त्राने हा विचारच नव्हे, शब्दसुद्धा तिच्याकडून घेतला. एड्‌सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोसेसमधल्या शिस्तीसाठी जी युक्ती काढली, तिला नाव दिलं सेमाफोर : रेल्वेचा हात वर-खाली करणारा सिग्नल.

रेल्वे ही शिस्त रक्त सांडून शिकली होती. १० सप्टेंबर १८७४. इंग्लंडातल्या नॉरिचजवळ एकेरी मार्ग. नॉरिचला लंडनहून उशिरा आलेली एक्सप्रेस उभी, पलीकडे ब्रंडॉलला मेल उभी. नॉरिचहून तार गेली की मेल सोडा. त्याच सुमारास नॉरिचहून एक्सप्रेसही सुटली. चूक ध्यानात येताच तार मागे घ्यायचा प्रयत्न झाला, पण उत्तर आलं : मेल निघाली. पावसाळी रात्री दोन्ही गाड्या समोरासमोर भिडल्या, पंचवीसच्या आसपास माणसं गेली. कन्सोल कोडमधल्या बऱ्याच चुका याच घाटाच्या आहेत. आधी तपासलं, मग कृती केली, आणि दोन्हींच्या मधल्या क्षणात जग बदललं.

त्या अपघातानंतर एडवर्ड टायर यांनी टॅबलेट यंत्र काढलं. आपल्याकडे त्याच वंशातला नील्स बॉल टोकन पुष्कळ वर्षं चालला. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, विजेने एकमेकांना जखडलेली. त्यांत पोलादी गोळे. दोन्ही मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. तो वेताच्या कडीच्या थैलीत घालून चालत्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. गोळा हातात नसेल तर पुढच्या सेक्शनात जायचं नाही. आणि प्रत्येक गोळ्यावर त्याच्या सेक्शनचं नाव असतं. नांदुऱ्याकडचा गोळा घेऊन शेगावकडे जाता येत नाही. गोळा म्हणजे नुसती परवानगी नव्हे, अमुक जागेची परवानगी.

लिनक्सने १९९६ साली असा सेक्शनवार विचार केला नाही, आणि ते समजण्याजोगं आहे. त्यांनी सगळ्या कर्नलला मिळून एकच कुलूप लावलं, बिग कर्नल लॉक. खामगावापासून हावड्यापर्यंत सगळ्या मार्गाला एकच गोळा. टक्कर अशक्य, आणि वाहतूकही जवळजवळ अशक्य. पुढची पंधरा वर्षं हे कुलूप तुकड्यातुकड्याने सोडवण्यात गेली. शेवटी आर्न्ड बर्गमन यांच्या चिकाटीने ते २०११च्या २.६.३९ मध्ये पूर्ण निघालं. ज्या भागांनी अखेरपर्यंत हात आखडता घेतला त्यांत कन्सोल आणि टर्मिनलचा, म्हणजे टीटीवायचा कोड होता. तिथे बिग कर्नल लॉक काढून बिग टीटीवाय म्युटेक्स बसवावा लागला. मोठं कुलूप काढलं आणि जरा लहान मोठं कुलूप लावलं. अॅलन कॉक्ससारख्या मुरलेल्या माणसाने काही काळ हा भाग सांभाळला आणि २००९च्या जुलैमध्ये टोरवाल्ड्‌सशी खटका उडाल्यावर सोडून दिला. या कोडची कीर्तीच तशी आहे.

कन्सोलसाठी जे वेगळं कुलूप उरलं ते म्हणजे कन्सोल लॉक, आणि त्याची खरी अडचण त्याच्या आकारात नाही. ते नेमकं कशाचं रक्षण करतं हेच धड सांगता येत नाही. कन्सोलांची यादी? हो. पडद्यावरचं लिखाण? हो. फाँट, पडद्याचा आकार, कुठली कन्सोल समोर आहे, ग्राफिक्स कार्डाशी बोलणं? काही अंशी, बहुधा, सवयीने. लॉक डेटाला लावावा, कोडला नव्हे, हा या धंद्यातला जुना नियम. इथे लॉक लागला कोडला, आणि डेटा मागच्या दाराने फिरत राहिला.

याची तीन उदाहरणं घेतो, वेगवेगळ्या चवीची.

पहिलं २०१४चं, सुरक्षेतल्या छिद्रांच्या यादीत सीव्हीई-२०१४-०१९६ या क्रमांकाने नोंदलेलं. टर्मिनलवर दोन वाटांनी अक्षरं येतात. प्रोग्राम काही लिहितो ती एक, आणि तुम्ही दाबलेली कळ पडद्यावर परत उमटते, तो प्रतिध्वनी म्हणजे एको, ही दुसरी. एकोच्या वाटेवर कुलूप होतं. प्रोग्रामच्या वाटेवर, एका विशिष्ट मांडणीत, नव्हतं. दोघेही एकाच बफरमध्ये किती जागा शिल्लक आहे ते बघत, दोघांनाही तीच जागा दिसे, आणि दोघेही भरत. बफर ओसंडून शेजारच्या मेमरीवर जाई. मुनिमांची खातेवहीच ही. फक्त इथे गाठ हरवत नाही, शेजाऱ्याच्या गोदामात जाऊन पडते. ही चूक २००९च्या २.६.३१ पासून होती. पाच वर्षं जगभरातल्या सर्व्हरांवर ती चालली आणि कुणाला दिसली नाही. दुरुस्ती काय, तर लिहिण्याच्या त्या एका हाकेला त्याच कुलपाचं कुंपण.

दुसरं आणि तिसरं २०२० सालचं, आणि ही दोन मला सगळ्यात बोधक वाटतात, कारण दोन्हींत कुलूप होतं. ते लावलेलंही होतं. ते दुसऱ्याच दाराचं होतं.

ऑक्टोबर २०२०. कन्सोलचा फाँट बदलायची एक जुनी आज्ञा. आज्ञा ज्या कन्सोलवर दिली तिचं कुलूप घेतलं जाई, पण फाँट बदले तो त्या क्षणी समोर असलेल्या कन्सोलचा. आणि समोर कुठली आहे, हे तर कळ दाबून कधीही बदलता येतं. सीव्हीई-२०२०-२५६६८. टोरवाल्ड्‌सनी स्वतः दुरुस्ती केली : जिच्यावर आज्ञा दिली, तिचाच फाँट बदला. त्या आज्ञेचं मूळ वर्तन कुणी वापरत होतं का, याची फार काळजी त्यांनी केली नाही, आणि ते बरोबरच होतं.

डिसेंबर २०२०. टर्मिनलच्या जोडीला दोन टोकं असतात, जशी आमच्या जुन्या पेठेतल्या काही दुकानांना दोन रस्त्यांवर दारं असतात. कुठला प्रोग्रामगट सध्या समोर आहे हे नोंदवायची एक आज्ञा आहे, आणि ती दोन्ही टोकांवरून देता येते. नोंद एकाच ठिकाणी होते, पण कुलूप लागत होतं आज्ञा जिकडून आली त्या टोकाचं. मी पुढचं दार आतून लावून घेतलं, तुम्ही मागचं लावून घेतलंत; दोघेही निर्धास्त, आणि दोघांचेही हात एकाच गल्ल्यात. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोतल्या यान हॉर्न यांनी ही चूक शोधली, सीव्हीई-२०२०-२९६६१, आणि एवढ्याशा फटीतून साधा वापरकर्ता अख्ख्या यंत्राचा मालक कसा होऊ शकतो हे पुढल्या वर्षी पायरीपायरीने लिहून दाखवलं. दुरुस्तीत एका चलाच्या जागी दुसरं चल आलं, इतकंच.

आता कोड तपासणाऱ्याच्या नजरेने बघा. ओळ वाचताना डोळा 'लॉक' हा शब्द शोधतो. सापडला की मन हुश्श करतं आणि पुढे सरकतं. त्या दोन्ही ठिकाणी तो शब्द होता, म्हणून तिथून अनेक तपासणारे समाधानाने पुढे गेले असणार. आमच्याकडचा जुना माणूस म्हणेल, 'कुलूप तं हाये, पन कायचं?' आणि या तपासणीत दुसरा कुठलाच प्रश्न याच्याइतका उपयोगी नाही. प्रत्येक लॉकजवळ थांबून विचारायचं, याच्या गोळ्यावर कुठल्या सेक्शनचं नाव आहे, आणि गाडी त्याच सेक्शनात जाते आहे का.

त्याच वर्षी टोरवाल्ड्‌सनी दुसराही एक इलाज केला. कन्सोलवर मागे गेलेल्या ओळी पुन्हा बघण्याची सोय, सॉफ्ट स्क्रोलबॅक, सप्टेंबरमध्ये सरळ उपटून टाकली, कारण तिच्यात छिद्र सापडलं होतं आणि तिला कुणी वाली नव्हता. काही जण हळहळले. पण ज्याला कुणी वाली नाही त्या कोडला कुलूप लावत बसण्यापेक्षा ती खोली पाडणं स्वस्त.

इथवर कन्सोलच्या 'ऐकणाऱ्या' बाजूविषयी झालं. बोलणारी बाजू याहून बिकट आहे.

कर्नलला काही सांगायचं असलं की तो प्रिंट-के नावाचं फंक्शन हाकारतो. ही हाक कुठूनही येऊ शकते, आणि कुठूनही म्हणजे खरोखर कुठूनही. प्रोसेसर कुणाला द्यायचा हे ठरवणारा शेड्यूलर आपली कुलपं हातात घेऊन बसलेला असताना, चालू काम मधेच अडवणाऱ्या इंटरप्टच्या मधोमध, किंवा ज्याला अडवताच येत नाही अशा इंटरप्टमध्ये. आणि पलीकडे बऱ्याचदा असते ती सिरियल तार. तिचा वेग ११५२०० धरला तर एका सेकंदाला सुमारे ११,५२० अक्षरं जातात. ऐंशी अक्षरांची ओळ म्हणजे सात मिलिसेकंद. आपल्याला ते डोळ्याच्या पापणीएवढंही नाही, पण तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला त्यात दोन कोटींवर ठोके पडतात.

जुनी रचना अशी होती की ज्याच्या हाती कन्सोल लॉक आला त्याने आपली ओळ तर छापायचीच, पण तेवढ्यात इतरांनी टाकलेल्या ओळीही छापायच्या. ग्रामपंचायतीच्या एकुलत्या टेलिफोनशी बसलेला माणूस जसा स्वतःचा निरोप द्यायला गेला आणि गावाचे निरोप सांगत बसला. ओळींचा पूर आला की हा बिचारा सुटतच नाही. वीसेक सेकंद एखादा प्रोसेसर जागचा हलला नाही की पहारेकरी, म्हणजे वॉचडॉग, ओरडतो : हा प्रोसेसर अडकला! आणि तो ओरडतो कसा? प्रिंट-केनेच. म्हणजे आणखी ओळी. २०१८ साली ४.१६ मध्ये स्टीव्हन रॉस्टेड यांनी यावर एक माणुसकीचा तोडगा आणला. कुणी वाट बघत उभा असेल तर हातातली ओळ संपवून फोन त्याच्याकडे द्यायचा. ओझं वाटलं गेलं; कमी झालं नाही.

दुसरा सापळा याहून कुटिल. प्रिंट-केने कुलूप घेतलं, आणि छापता छापता ड्रायव्हरमध्येच, म्हणजे उपकरणाशी बोलणाऱ्या कोडमध्येच, काही बिघडलं, म्हणून ड्रायव्हरने तक्रार करायला प्रिंट-के हाकारलं. कुलूप हातात आहे आणि आपणच दाराबाहेर उभे राहून दार उघडायची वाट बघतोय. किंवा असं : कुलूप सोडताना थांबलेल्याला जागं करायचं, त्यासाठी शेड्यूलरचं कुलूप लागतं, आणि शेड्यूलर तर स्वतःच काही सांगायला प्रिंट-के हाकारून बसलाय. दोघे एकमेकांची वाट बघत कायमचे उभे. 'पहले आप'ची ही लखनवी अवस्था म्हणजे डेडलॉक. इंगो मोल्नार यांचं लॉकडेप २००६ पासून कुलपांचा क्रम नोंदवत असतं आणि उलटा क्रम दिसताच, डेडलॉक घडायच्या आधीच, बोंब ठोकतं. अतिशय हुशार अवजार. पण बोंब ठोकायला त्यालाही प्रिंट-केच लागतं!

मग मरणाच्या वेळी काय? यंत्र कोसळतंय, पॅनिक आलाय. कारण सांगायचं आहे, आणि कन्सोलचं कुलूप आहे मेलेल्या प्रोसेसरच्या हातात. तो आता कधीच सोडणार नाही. कुलूप मानलं तर शेवटचा शब्द तोंडातच राहतो. मोडलं तर अर्धवट लिहिलेल्या मेमरीवर लिहिलं जातं, आणि निरोपासकट सगळंच विस्कटू शकतं. एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेल्या एक्सव्ही-६ या चिमुकल्या कर्नलमध्ये हा निर्णय एका ओळीत दिसतो. पॅनिक आला की कन्सोलचं लॉकिंग बंद, छापा, मग इतर प्रोसेसर गोठवा. शेगावच्या आणि आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या मुलांना मी दुसरं काही सांगणार नाही. एवढी एक ओळ वाचा आणि तिच्यावर तासभर भांडा. लिनक्सही बरीच वर्षं ढोबळमानाने हेच करत आलं. गरज पडली की कुलूप फोडायचं आणि देवावर हवाला.

रेल्वे इथे पुढे आहे. ब्लॉक यंत्र बंद पडलं तर ती कुलूप फोडत नाही आणि वाहतूकही कायमची थांबवत नाही. दोन्ही स्टेशनमास्तर बोलून एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात, ते नोंदवले जातात, आणि ड्रायव्हरच्या हाती कागदी लाइन क्लिअर पडतं. संपर्कच पूर्ण तुटला असेल तर त्याचीही वेगळी पद्धत लिहिलेली आहे : सावकाश जा, बघत जा. यंत्रणा मोडल्यावर कसं वागायचं हा यंत्रणेचाच भाग मानलेला आहे. कर्नलला हे सुचायला बराच वेळ लागला, आणि ज्यांना सुचलं त्यांनी ते कोडमध्ये उतरवायला आणखी काही वर्षं घेतली.

जर्मनीतल्या लिनुट्रॉनिक्समधले जॉन ऑग्नेस यांनी दोन टप्प्यांत हे केलं. पहिला टप्पा साठवणीचा. ५.१० मध्ये, २०२०च्या अखेरीस, संदेश साठवायचा बफर लॉकशिवायचा झाला. लिहिणारा आधी जागा राखून ठेवतो, मग भरतो, मग 'पक्की' म्हणून शिक्का मारतो. वाचणारा शिक्का आणि अनुक्रमांक दोन्ही पडताळतो, मधल्या काळात कुणी वर लिहिलं असेल तर ती नोंद सोडून देतो. कुणीही कुणासाठी थांबत नाही, म्हणून कुठूनही हाक आली तरी गळफास बसत नाही. याची किंमत तपासणाऱ्याला मोजावी लागते. साधा लॉक वाचायला दोन ओळी पुरतात. इथे वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखणारा कुठला मेमरी बॅरियर कुठल्या बॅरियरचा जोडीदार, हे टिपणांत खुणा घालून समजावलेलं आहे, आणि तो भाग मी तरी एका बैठकीत कधी पूर्ण केलेला नाही. पण इतकं लिहून ठेवलेलं आहे म्हणूनच तो तपासता येतो.

दुसरा टप्पा छापण्याचा, आणि तिथे ठेच लागली. छपाईचं काम स्वतंत्र थ्रेडकडे, म्हणजे आपल्या सवडीने चालणाऱ्या वेगळ्या कामगाराकडे, द्यायचं म्हणजे हाक मारणारा मोकळा, अशी कल्पना २०२२च्या ५.१९ साठी आत घेतली गेली आणि त्याच जूनमध्ये, प्रकाशनाआधीच, मागे घ्यावी लागली. थ्रेडवर सोपवलं की यंत्र बंद पडताना तो थ्रेड चालेलच असं कुठे आहे? शेवटचे शब्द आतच राहू लागले. वेग मिळाला आणि वाचा गेली. पेट्र म्लादेक आणि इतर देखरेख करणाऱ्यांनी मागे घेण्याचा निर्णय झटपट घेतला याचं मला कौतुक वाटतं. चांगला दिसणारा कोड परत काढायला लिहिण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

त्या फजितीतून निघाली ती नव्या कन्सोलची रचना, एनबीकॉन. तिच्यात कन्सोलची मालकी एका कुणाकडे असते, आणि मालकीला तीन पायऱ्या आहेत : साधी, आणीबाणीची, पॅनिकची. वरच्या पायरीचा आला की खालच्याने सुरक्षित ठिकाणी पोचताच जागा सोडायची. ड्रायव्हरने आपल्या कोडमधले धोक्याचे तुकडे खूण करून ठेवायचे, म्हणजे मालकी कुठे काढून घेता येते आणि कुठे नाही हे ठरलेलं. आणि मालकाने सतत तपासायचं, अजून मीच मालक आहे ना? कुलूप फोडणं आहेच, पण सगळ्यात शेवटी, फक्त पॅनिकमध्ये, बाकीचे उपाय हरल्यावर. हीच कागदी लाइन क्लिअरची पद्धत.

यातूनच एक मोठं जुनं घोडं गंगेत न्हालं. अचूक वेळेची हमी देणारं रिअल-टाइम लिनक्स वीसेक वर्षं बाहेरच ताटकळत होतं, आणि शेवटचा मोठा अडथळा प्रिंट-केचाच होता, कारण इंटरप्ट बंद ठेवून सात-सात मिलिसेकंद तार लिहीत बसणारा कर्नल वेळेची हमी कसली देणार. २०२४च्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत थॉमस ग्लाइक्सनर यांनी टोरवाल्ड्‌सना ते काम आत घेण्याची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून हातात दिली. त्या वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ मध्ये ते काम आहे.

सगळे शोध माणसाच्या डोळ्याने लागतात असं नाही. सिझकॅलर हे अवजार रात्रंदिवस कर्नलवर वेड्यावाकड्या आज्ञांचा मारा करतं, आणि टर्मिनलचा कोड त्याचं आवडतं कुरण आहे. २०२०च्या ५.८ मध्ये मार्को एल्वर आणि सहकाऱ्यांचं केसीसॅन आलं. ते एखाद्या मेमरीच्या जागेवर पाळत ठेवतं, हात लावणाऱ्याला मुद्दाम थोडा वेळ रोखतं आणि तेवढ्यात दुसरा कुणी तिथे येतो का बघतं. मुनिमाने ४० वाचलं की त्याचा हात धरून ठेवायचा आणि दुसरा येतो का पाहायचं, तसं. पण केसीसॅन फक्त सांगतं की इथे रेस आहे. दोन दारांच्या दुकानात कुठलं कुलूप खरं, हे त्याला माहीत नसतं. त्या निवाड्यासाठी अजून माणूस लागतो.

२०२२च्या अखेरीस ६.१ मध्ये कर्नलात आलेली रस्ट भाषा या प्रश्नाला भाषेच्या पातळीवरच भिडते. तिच्यात डेटा कुलपाच्या आत राहतो, कुलूप उघडल्याशिवाय त्याला हातच लावता येत नाही. गोळ्यावर सेक्शनचं नाव कोरलेलं, पुसता न येणारं. २०२०चा दोन दारांचा घोळ तिथे लिहिताच आला नसता. मरणाच्या वेळी कुलूप मानायचं की मोडायचं, हे मात्र रस्टही सांगत नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमने टर्मिनलचा थर २००८ साली एड स्काउटन यांच्या हातून नव्याने लिहून घेतला आणि 'जायंट' नावाच्या आपल्या मोठ्या कुलपातून सोडवला, तो मार्ग धाडसाचा. लिनक्सने तुकड्यातुकड्याची वाट धरली, आणि म्हणून ती अजून संपलेली नाही. प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःहून एनबीकॉनकडे यावं लागतं. जे आलेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि जुन्या काळ्या पडद्यासाठी, तोच कन्सोल लॉक तसाच उभा आहे.

काळ्या पडद्याची गोष्ट निघाली म्हणून एक. आमच्या ओळखीच्या एका कामाच्या ठिकाणचं यंत्र मधेच कोसळे तेव्हा आम्ही काय करायचो? खिशातून मोबाइल काढून पडद्याचा फोटो घ्यायचो, अर्धी अक्षरं ट्यूबलाइटच्या चकाकीत जायची, आणि उरलेल्यांवरून अंदाज बांधायचो. २०२४च्या ६.१० मध्ये ग्राफिक्स पडद्यावर पॅनिकचा निरोप दाखवायची वेगळी सोय आली, ती जुन्या कन्सोलच्या कुलपाशी न झगडता आपलं आपण रंगवते. ६.१२ पासून तिथे क्यूआर कोडही काढता येतो, आणि तो काढणारा कोड रस्टमध्ये आहे. मरणारं यंत्र आता आपलं कारण चहाच्या टपरीवर पैसे घेण्यासाठी टांगलेल्या चौकोनासारखं पडद्यावर लावतं. मोबाइल अजूनही खिशातूनच काढावा लागतो, पण ट्यूबलाइट बंद करावी लागत नाही.